दगडाचा कस

'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. चंद्रपूरच्या मुलांना ती पडताळण्यासाठी दूर जावे लागत नाही. बल्लारपूर भागातील खाणींचा कोळसा घासला, की काळीच रेघ उमटते. पण सगळे काळे दगड असेच वागतात का?

गडचिरोली जिल्ह्यात सुरजागड येथे आणि चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा येथे हेमॅटाइट हे लोहखनिज सापडते. त्याचे काही तुकडे काळपट आणि पोलादासारखे चकाकणारे असतात. असा तुकडा चिनी मातीच्या खरखरीत फरशीवर घासला, तर रेघ येते गेरूसारखी लाल! गेरूचा लाल रंगही हेमॅटाइटचाच.

या रेघेच्या रंगाला भूशास्त्रात खनिजाचा 'कस' म्हणतात. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. कस, कसोटी आणि निकष हे तिन्ही शब्द त्यातूनच आले. कसोटी हा मुळात सोनाराजवळचा काळा दगड. त्यावर सोने घासून उमटलेल्या रेघेवरून तो सोन्याची शुद्धता ठरवतो. पुढे बोलण्यात घासणे मागे पडले, पारख तेवढी उरली. म्हणूनच संकटात माणसाचा कस लागतो आणि क्रिकेटमध्ये कसोटी सामना होतो.

पण काळ्या दगडाची रेघ लाल का? अखंड तुकड्यावर पडलेला प्रकाश काही पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो, तर आत शिरलेला तेथेच शोषला जातो. भुकटीचे कण मात्र इतके बारीक असतात, की प्रकाश त्यांच्यातून आरपार जाऊन विखुरतो. वाटेत निळा-हिरवा भाग शोषला जातो आणि तांबडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

हा प्रयोग तुम्हीही करा. चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड त्यासाठी पुरते. मात्र एक सावधगिरी बाळगा. सुरजागडच्या खडकात हेमॅटाइटच्या पट्ट्यांलगत गारेसारख्या क्वार्ट्‌झचेही पट्टे असतात. क्वार्ट्‌झ घासला, की पांढरी भुकटी दिसते. पण ती क्वार्ट्‌झची नव्हे, झिजलेल्या कपाची! क्वार्ट्‌झ कपापेक्षा कठीण असतो. तेव्हा कस पाहताना भुकटी कोणाची, हे आधी तपासा. माणसांची पारख करतानाही हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही.