टेलचा सिलिंडर

नीरा डाव्या कालव्याच्या टेलला रान असलेल्या इंदापूरकराला मोटारीचा इनटेक मॅनिफोल्ड समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. कार्बोरेटर म्हणजे धरण, मॅनिफोल्ड म्हणजे कालवा आणि कडेचा सिलिंडर म्हणजे टेलचं रान. फरक इतकाच की इथे पाटकऱ्याला गाठून पाळी बदलून घेता येत नाही. वाटणी ओतकामातच ठरून गेलेली असते.

याच इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं त्या वालचंद हिराचंद यांनी साखर, जहाजं आणि विमानं यांच्या जोडीला १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रं घडली, मोटारी मात्र कुर्ल्यात. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ, मग फियाट ११००, म्हणजेच पुढची पद्मिनी. मॅनिफोल्ड कसा निवडावा, हे या गाड्यांकडे पाहून चांगलं कळतं.

त्या काळच्या डॉजचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, सहा सिलिंडर एका ओळीत आणि मधोमध एकच कार्बोरेटर. तिथून निघणारं पेट्रोल पूर्ण वाफ झालेलं नसतं, त्यात बारीक थेंब असतात. वळणावर हवा वळते, जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतो आणि तिथून ओघळत जातो. इंजिन गार असेल तर हा ओघळ जास्तच. मग एका सिलिंडरला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला नुसती हवा. यावर तोडगा असा, की इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टला चिकटवूनच बसवायचा. धुराच्या आचेवर तळ तापतो आणि ओघळाची वाफ होते. इंजिन गरम झालं की आच कमी करायला एक झडप असते. ती गंजून बंद अडकली, की आच चालूच राहते, मे महिन्यात चढाला गाडी दम टाकते आणि मिस्त्री बिचाऱ्या कार्बोरेटरलाच खोलतो.

या उबेची किंमत पडतेच. तापलेली हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये भरते ती वजनाने कमी आणि वरच्या वेगाला ताकद घटते. पण घरच्या गाडीला तो वेग लागतो किती वेळा? माझ्या मते तो सौदा शहाणपणाचाच होता.

नळीच्या जाडीचंही तसंच. अरुंद आणि लांब नळीत हवेचा वेग टिकतो, थेंब तरंगत राहतात आणि कमी आरपीएमलाही गाडी ओढते. रुंद आणि आखूड नळी जास्त आरपीएमला मोकळा श्वास देते, पण खालच्या आरपीएमला हवा रेंगाळते. अमेरिकन व्ही-८ वाल्यांचा ड्युअल प्लेन की सिंगल प्लेन हा वाद याच गोष्टीचा आहे. पहिल्यात आठ सिलिंडर चार-चारच्या दोन गटांत वाटलेले असतात, तो रस्त्यासाठी. दुसऱ्यात आठही एकाच पोकळीतून ओढतात, तो शर्यतीसाठी.

पद्मिनी १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. मुंबईत टॅक्सी म्हणून तिचं आयुष्य सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गेलं. अशा गाडीला रुंद नळीचा मॅनिफोल्ड आणि जोड कार्बोरेटर लावणं म्हणजे हौसच. गंमत पुढे झाली. टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. गॅसमध्ये थेंबच नसतात, त्यामुळे ना ओघळ, ना आचेची गरज. पेट्रोलसाठी केलेली ती सगळी उठाठेव गॅसवर चालणाऱ्या गाडीत फुकट गेली, उलट गरम हवेचा तोटा तेवढा राहिला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

जुनी कार्बोरेटरची गाडी अजून जपणाऱ्यांना एवढंच सांगणं. मॅनिफोल्ड बदलायच्या आधी सगळे प्लग काढून ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. फिकट विटकरी रंग म्हणजे बरोबर, पांढुरका म्हणजे हवा जास्त, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. एकच पांढुरका निघाला तर गाडी स्लोला ठेवून त्या बाजूच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी टाका. आवाज बदलला तर मॅनिफोल्ड तिथून हवा ओढतोय. मग गॅस्केट नवं टाका, मॅनिफोल्डचा फेस पट्टी लावून सरळ आहे का पाहा आणि नट मधून कडेला, थोडे थोडे करत आवळा. एवढं केल्यावरही तक्रार राहिली, तरच नव्या मॅनिफोल्डचा विचार करा.