तुर्भ्याचा काळा दगड पिवळा कां होतो?

तुर्भ्याच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी व पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग आहे, हें तुम्हांस ठाऊकच आहे. या डोंगराच्या कुशींत पूर्वीं दगडाच्या खाणी चालत असत. दिवाळीच्या सुटीनंतर एका विद्यार्थ्यानें तेथून दोन दगड वर्गांत आणले. एक काळाभोर, दुसरा पिवळट. त्याच्या वडिलांस गांवाकडील घराचें जोतें बांधावयाचें होतें आणि दगड पुरविणारा म्हणत होता कीं, "दगड तोच, रंग तेवढा निराळा." हें खरें मानावें काय, असा त्याचा प्रश्न होता.

मीं हातोडीनें पिवळा दगड फोडला. वरची साल पिवळी, तिच्या आंत करडा पदर आणि मधोमध काळा गाभा! तेव्हां पुरविणाऱ्याचें बोलणें अर्धें खरें ठरलें.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेला तप्त रस थरावर थर पसरून थिजला, त्यांतून तो झाला. त्याच्या शंभर भागांत जवळजवळ 50 भाग सिलिका असते. शुद्ध सिलिका गारेच्या स्फटिकासारखी बिनरंगी. मग काळेपणा कोठून येतो? तो येतो लोहापासून. लोहाचीं संयुगें शंभरांत सुमारें 12 ते 14 भागच, पण रंगाच्या कामीं तींच वरचढ ठरतात. कांहीं लोह पायरॉक्सिन नांवाच्या गडद खनिजांत असतें, तर कांहीं मॅग्नेटाईटच्या बारीक काळ्या कणांत. खात्री करावयाची असल्यास या दगडाची पूड करून तींत लोहचुंबक फिरवा. काळे कण त्यास चिकटून येतील.

लोहाची मौज अशी कीं, प्राणवायूशीं त्याचें नातें बदललें कीं रंगही बदलतो. भूगर्भांतून आलेल्या लोहास प्राणवायु थोडा मिळालेला असतो. पुढें पावसाचें पाणी भेगांतून शिरतें, हवा लागते, आणि त्या लोहास एक प्रकारें गंज चढतो. गंज पाणी धरून राहिला तर रंग पिवळा. हीच आपली पिवडी. पिवडी तव्यावर चांगली तापवा. तिच्यांतील पाणी उडून ती गेरूसारखी तांबडी होते. कुंभाराच्या भट्टींतही हाच व्यवहार चालतो. हवा मोकळी असली तर मडकें लाल होतें. धूर कोंडला तर त्याच मातीचें काळें निघतें, अर्थात् त्यांत काजळीचाही वाटा असतो.

माथेरानची तांबडी भूमि व रत्नागिरीचा जांभा हीं याच गोष्टीचीं पुढचीं पावलें होत. तेथें युगानुयुगांच्या पावसानें सिलिका वाहून नेली. लोह व ॲल्युमिनियम मागें उरलीं. फ्रान्सिस बुकानन यानें 1807 सालीं मलबारांतील अशा दगडास 'लॅटेराईट' हें नांव दिलें, तें लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून.

मात्र प्रत्येक रंगाचें खापर लोहावर फोडूं नये. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साईट नांवाचें सुंदर निळें खनिज सांपडतें. त्याचा रंग व्हॅनेडियम या धातूचा आहे. उलट प्रत्येक पिवळा दगड कुजलेलाही नसतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत दिसणारा मालाडचा पिवळट दगडही अग्निजन्यच. पण त्यांत सिलिका अधिक व लोह पुष्कळ कमी, म्हणून त्याचा रंग मूळचाच फिका. तो बांधकामास उत्तम मानला गेला.

आपल्या डोंगरांतील पिवळ्या दगडाची गोष्ट निराळी. ज्या पाण्यानें लोहास गंज चढविला, त्यानेंच फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाची चिकणमाती केलेली असते. असा दगड नखानें खरवडतो, हातोडीखालीं खणखणत नाहीं, पाणी पितो. शेवटीं त्याचा मुरूम होतो. जोत्यास तो कसा चालेल? साल पातळ व गाभा घट्ट असल्यास ती तासून दगड वापरतां येतो. पण तें फोडल्यावांचून कळत नाहीं.

पुढच्या सोमवारीं तो विद्यार्थी मोठ्या आनंदानें सांगूं लागला कीं, वडील स्वतः हातोडी घेऊन दगडांच्या ढिगावर गेले होते. सात दगड फोडले, त्यांपैकीं तीन आंतपर्यंत पिवळे निघाले, आणि गाडी परत गेली.