शिळ्या उसातील द्रव्य, मानेतील धमनी

तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, हे साखरेच्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. अशा उसात शिरलेले जिवाणू साखरेपासून एक बुळबुळीत द्रव्य तयार करतात. त्याचे नाव डेक्स्ट्रान. कारखान्यांना उपद्रव देणारे हेच द्रव्य शुद्ध करून रुग्णाच्या शिरेतून दिले जाते.

त्याचा हा गुण स्वीडनमध्ये उमगला. १९४० च्या दशकात उप्साला येथे ग्रोनवाल आणि इंगेलमन या संशोधकांनी दाखवून दिले की, त्याचे रेणू योग्य आकाराचे केल्यास रक्तस्रावानंतर प्लाझ्माची, म्हणजे रक्तातील द्रवभागाची, तूट त्याने भरून काढता येते.

पुढे त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरला. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतील धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली, तर तो थर शस्त्रक्रियेने काढतात. हेतू पक्षाघात टाळण्याचा. परंतु थर निघालेली आतील भिंत उघडी पडते आणि पहिल्या काही तासांत तिच्यावर प्लेटलेट पेशी चिकटू लागतात. त्यांचा सूक्ष्म पुंजका सुटून मेंदूत गेला, तर ज्या आघाताच्या भयाने एवढा खटाटोप केला, तोच ओढवतो. डेक्स्ट्रानमुळे पेशींचा चिकटपणा कमी होतो, रक्त पातळ वाहते आणि झालेली गुठळीही लवकर विरघळते.

इंग्लंडमधील लेस्टरच्या शल्यचिकित्सकांनी याचा विवेकाने उपयोग केला. कानशिलावर डॉप्लर यंत्र ठेवून ते मेंदूकडे जाणारे पुंजके मोजत आणि संख्या वाढलेल्या रुग्णांनाच डेक्स्ट्रान-४० देत. सरसकट देणे मात्र महागात पडते. अमेरिकेतील नोंदींत डेक्स्ट्रान दिलेल्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका आणि हृदय दुबळे पडणे अधिक आढळले. मूत्रपिंडावर ताण येतो, तो वेगळाच. लेस्टरमध्येच पुढे असे दिसले की, ॲस्पिरिन चालू असता आदल्या रात्री क्लोपिडोग्रेलची ७५ मिलिग्रॅमची एक गोळी दिल्यास पुंजके मुळातच घटतात. त्यामुळे डेक्स्ट्रानची गरज क्वचितच उरली.

शाकाहारी कुटुंबांत औषधाच्या मूळ स्रोताविषयी विचारणा होते, आणि ती रास्तच आहे. धमनीच्या शस्त्रक्रियेत सर्रास वापरले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून मिळते, डेक्स्ट्रान साखरेपासून. तरीही निवड हृदय, मूत्रपिंड आणि रक्तस्रावाचा धोका पाहूनच व्हावी लागते. म्हणून स्रोताचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांपुढे ठेवावा. पूर्वी एखाद्या सलाइनची वा औषधाची ॲलर्जी झाली असल्यास तेही तेव्हाच सांगावे, कारण डेक्स्ट्रानची तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण झाली तर जीवावर बेतू शकते.