फिरत्या संडासातली हवा

आषाढी वारीत पालखीचा मुक्काम पडतो, तिथे आता तळाच्या कडेला प्लास्टिकच्या फिरत्या शौचालयांच्या रांगा दिसतात. पहाटे तीनपासून त्यांच्यापुढे माणसं उभी असतात. तरीही काही जण, विशेषतः वयस्क बायका, एक दार उघडतात, दुसरं उघडतात, पदर नाकाला लावतात आणि टमरेल घेऊन अंधारात शेताच्या बांधाकडे निघून जातात. त्यांना ‘सवयच नाही’ असं म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. आत उभं राहवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं आणि ते खरं असतं. वासाच्या धास्तीने दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या, लघवी दाबून ठेवणाऱ्या बायकांना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास होतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ज्या वाटेवर एकेकाळी पटकीने माणसं दगावत, त्या वाटेवर संडास नुसता असून भागत नाही. तो वापरावासा वाटला पाहिजे. म्हणूनच फिरत्या शौचालयाच्या रचनेत दुर्गंधीचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा.

हा वास नेमका कशाचा? जिनिव्हाच्या फिर्मेनिश या सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी गेट्स फाउंडेशनच्या मदतीने भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या शौचालयांमधली हवा तपासली, तेव्हा चार द्रव्यं ठळकपणे पुढे आली: इंडोल, पॅरा-क्रेसॉल, ब्युटिरिक आम्ल आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. यांतलं इंडोल अगदी थोड्या प्रमाणात मोगऱ्यात आणि जाईतही असतं आणि तिथे ते आपल्याला आवडतं. जोडीला सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड आणि डोळे चुरचुरवणारा अमोनिया. हायड्रोजन सल्फाइड तर अब्जात काही भाग एवढा असला तरी नाकाला कळतो. म्हणजे दुर्गंधी नव्वद टक्के कमी केली तरी नाकाला ती तशीच वाटू शकते. अत्तर, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या यांचा उपयोग का होत नाही, ते इथे समजतं. मूळ वास जागेवरच असतो, त्याच्या जोडीला आणखी एक उग्र वास येतो आणि माणसाला दोन्ही सोसावे लागतात.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो. मैल्यातल्या जंतूंमध्ये युरिएज नावाचं विकर असतं आणि ते युरियाचे तुकडे करून अमोनिया मोकळा करतं. द्रावण अल्कधर्मी होत जातं, सामू नऊच्या आसपास पोचतो आणि मग अमोनिया द्रावणात न राहता हवेत उडू लागतो. टाकीच्या तळाशी जुना साका राहिलेला असेल तर हे विकर त्यात तयारच असतं आणि नव्या लघवीचा अमोनिया काही तासांत होऊ लागतो. टाकी वरवर उपसून गाडी पुढच्या मुक्कामाला पाठवली की पहिल्याच वापरापासून वास येतो, त्याचं कारण हे. दुसरीकडे, टाकीत प्राणवायू संपला की काही जंतू सल्फेटवर जगू लागतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. ढोबळ मानाने दहा अंश तापमान वाढलं की जंतूंचा वेग दुपटीच्या घरात जातो.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय एका आफ्रिकी प्रयोगशाळेत सापडला. ती आजच्या झिंबाब्वेत, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियात होती. १९७० च्या दशकात तिथल्या ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी खड्ड्याच्या संडासाला एक उंच नळी जोडली. नळीच्या तोंडावरून वारा वाहिला की खालची हवा वर ओढली जाते. ती जागा भरून काढायला खोलीतली हवा भोकातून खाली खड्ड्यात उतरते. वास वर येण्याऐवजी खाली जातो आणि माणसाच्या डोक्यावरून, छपरापलीकडे सुटतो. बसणाऱ्याच्या नाकाशी ताजी हवा राहते. नळीच्या तोंडावर जाळी लावली की उजेडाकडे धावणाऱ्या माश्या तिथेच अडकून मरतात. मॉर्गन यांनी ७८ दिवस माश्या मोजल्या. नळी नसलेल्या संडासातून सुमारे १४ हजार निघाल्या, नळीवाल्यातून दीडशेही नाहीत. २०१३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

हे तत्त्व फिरत्या शौचालयात आणताना बरीच गडबड होते. टाकीतून एक बारीक नळी छपरापर्यंत नेलेली असते, पण तिचं तोंड छपराच्या खालीच थांबतं. किंवा पावसाची टोपी तिच्यावर इतकी घट्ट बसवलेली असते की वारा तिला शिवतच नाही. खोलीला चारही बाजूंनी वर झरोके ठेवलेले असतात, तेव्हा वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघून जातो आणि जाता जाता टाकीतली हवाही वर ओढतो. झरोका वाऱ्याच्या बाजूला एकच हवा, नळी रुंद हवी (मॉर्गन यांच्या रचनेत ती सुमारे १५० मिलिमीटर व्यासाची असते), तिला वळणं नकोत आणि ती छपरापेक्षा हातभर उंच हवी. काळी नळी उन्हात तापून हवा वर ढकलते, हे पुस्तकात ठीक आहे. आषाढातल्या ढगाळ पहाटे मात्र ऊन नसतं आणि वाराही कधी कधी पडलेला असतो. अशा वेळी नळीत छोटा बारा व्होल्टचा पंखा हवा. त्याला लागणारी वीज इतकी कमी असते की छपरावरचं लहानसं सौर पॅनल आणि एक बॅटरी पुरते. तेवढ्याच विजेवर आत एक दिवाही लागतो आणि अंधारात कडी शोधणाऱ्या बाईला त्याचं मोल विचारावं.

आता पाण्याकडे वळू, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. पाश्चात्त्य देशांतलं पोर्टेबल टॉयलेट कागद वापरणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या जहाजबांधणी गोदीत १९४० च्या दशकात लाकडी खोकं आणि पत्र्याची टाकी अशी त्याची सुरुवात झाल्याचं सांगतात. पुढे १९७० च्या दशकात पॉलिइथिलीन आलं. लाकूड आणि सिमेंट लघवी शोषून घेतात, प्लास्टिक शोषत नाही, त्यामुळे ही सुधारणा मोठीच. पण आपण पाण्याने धुतो. साधा हिशेब करा. लघवी, मैला आणि धुण्याचं पाणी मिळून एका माणसामागे दोन लिटर धरले तर सव्वादोनशे लिटरची टाकी शंभराहून थोड्या जास्त वापरांत भरते. त्यावर प्रत्येकाने पाच लिटरची बादली ओतली तर तीच टाकी तिशी-पस्तिशीतच भरते. मग ती काठोकाठ येते, हिंदकळते आणि लोक दार उघडून परत फिरतात.

भांड्याखाली वजनाने उघडझाप करणारी झडप बसवली तर अर्ध्या लिटरात काम भागतं. अशी स्वस्त प्लास्टिकची झडप बांगलादेशात २०१२-१३ च्या सुमारास वापरात आली आणि तिथून अनेक देशांत पसरली. पाणी कमी लागतं, टाकी डोळ्यांआड जाते, माश्यांची वाट बंद होते. झडप आणि नळी दोन्ही एकत्र असतील तर उत्तमच.

याच्या पुढची पायरी म्हणजे लघवी आणि मैला एकत्र येऊच न देणं. मलमूत्रातल्या नत्राचा मोठा वाटा लघवीत असतो आणि विकर मैल्यातल्या जंतूंकडे. दोघांची भेट टळली की अमोनिया फारच कमी बनतो. तमिळनाडूतल्या मुसिरीत पुढे लघवीसाठी, मध्ये मैल्यासाठी आणि मागे धुण्याच्या पाण्यासाठी वेगळी जागा असलेलं बैठं भांडं वापरात आहे. भारतीय सवयीला जुळणारी ही कल्पना मला फार मोलाची वाटते. गर्दीच्या जत्रेत लोकांना तीन जागा समजावून सांगणं अवघड आहे, हे मान्य. पण एक सोपी गोष्ट आजही करता येईल. दिवसभरात संडासात जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी फक्त लघवीसाठी जातात. त्यांच्यासाठी आडोशाची, दार-कडी असलेली वेगळी मुतारी ठेवली तर संडासाच्या टाकीवरचा भार आणि रांग, दोन्ही कमी होतील. मुतारीच्या टाकीत थोडं सायट्रिक आम्ल टाकलं की सामू खाली राहतो आणि युरिएज लंगडं पडतं.

कोरड्या मैल्यावर माती टाकण्याची युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातले हेन्री मूल नावाचे धर्मगुरू या युक्तीने झपाटले होते. १८६० साली त्यांनी ‘मातीच्या संडासा’चं पेटंट घेतलं आणि ब्रिटिश अमदानीत तो हिंदुस्थानातही बराच वापरला गेला. कोरडी माती ओल शोषते, वास धरून ठेवते आणि तिच्यातले जंतू मैल्याचं खत करतात. राख, लाकडाचा भुसा, भाताचं तूस हेही चालतं. वारीची वाट साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून जाते, तिथे वाळवलेल्या बगॅसचा भुसा वापरून पाहायला हरकत नाही. अट एकच, धुण्याचं पाणी त्यात पडता कामा नये.

महाराष्ट्रात या विषयाला प्रतिष्ठा दिली ती अप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम स्वतःसाठी मागितलं. ते मिळावं म्हणून त्यांनी अन्नावर पाणी सोडलं, तेव्हा येरवड्यात गांधीजीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवासाला बसले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी खत देणारे स्वस्त संडास घडवले. मैल्याला माणसाचा हात लागू नये, हा त्यांचा आग्रह होता. तुकोबांच्या देहूत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी आयुष्य याच कामाला दिलं आणि संडासाला गोबरगॅसची जोड देऊन दाखवली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या गावातून एक पालखी निघते, त्याच गावात हे काम उभं राहिलं, याचा वारीच्या नियोजनात जास्त उपयोग व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

टाकीत ओततात त्या निळ्या द्रवाबद्दलही सांगायला हवं. पूर्वी त्यात फॉर्माल्डिहाइड असे. ते जंतू मारतं, म्हणून वास थांबतो. पण तो मैला शुद्धीकरण केंद्रात गेला की तिथले उपयोगी जंतूही मरतात आणि कर्करोगाशी फॉर्माल्डिहाइडचा संबंध सिद्ध झालेला आहे. नायट्रेटयुक्त द्रव जास्त शहाणपणाचे आहेत. जंतूंना सल्फेटपेक्षा नायट्रेट सोयीचं पडतं, त्यामुळे नायट्रेट असेतो हायड्रोजन सल्फाइड बनत नाही. जैवशौचालयाचं प्रकरण वेगळं आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर प्रयोगशाळेने विकसित केलेले जंतू रेल्वेच्या डब्यांखालच्या टाक्यांत वापरले जातात. त्यांना वाढायला दिवस लागतात आणि फिनेल चालत नाही. एका रात्रीत शेकडो वापर आणि सकाळी गाडी पुढे, अशा ठिकाणी ‘बायो’ ही पाटी बघून भुलू नये.

उरली सफाई. भांड्यावर आणि टाकीत लघवीतल्या क्षारांचा पांढरट थर चढतो आणि त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर जंतू घर करतात. तो फिनेलने निघत नाही, सौम्य आम्लाने निघतो. आतले कोपरे गोल हवेत, जमीन निचऱ्याच्या दिशेने उतरती हवी. पॅडसाठी झाकणाचा डबा नसेल तर पॅड टाकीत जातात आणि उपसणाऱ्या पंपाची नळी तुंबते. नळी तुंबली की कुणाला तरी आत हात घालायला सांगितलं जातं. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. शिवाय टाकीतला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं समजून खाली उतरलेली माणसं गुदमरून मेली आहेत. म्हणून टाकी पूर्णपणे बाहेरून, पंपाने रिकामी होईल अशीच रचना मान्य करावी.

वारी दरवर्षी येते, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, गावची जत्रा, उरूस आणि लग्नाचा मांडव तर नेहमीचेच. तुम्ही ग्रामपंचायतीत असाल, दिंडीचं किंवा मंडळाचं काम बघत असाल, तर शौचालयं उतरवून घेताना टाकी कोरडी आणि रिकामी असतानाच एक चाचणी करा. दार लावून पेटती उदबत्ती भांड्याच्या तोंडाशी धरा. धूर खाली ओढला गेला तर घ्या, वर आला तर परत पाठवा. टँकर दिवसातून किती वेळा येणार आणि उपसलेला मैला कुठल्या शुद्धीकरण केंद्रात रिकामा होणार, हे दोन मुद्दे करारात लेखी घ्या.