चौदा एप्रिल : एक तारीख, अनेक आपत्ती

महाराष्ट्रांत १४ एप्रिल हा दिवस प्रथम ओळखला जातो तो १८९१ सालीं त्या तारखेस जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा म्हणून. परंतु मुंबईच्या जुन्या रहिवाशांच्या घरांतून याच तारखेची आणखी एक आठवण सांगितली जाते. ती १९४४ सालच्या गोदींतील स्फोटाची. आणि इतिहासाचीं पानें पंचांगासारखीं चाळण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्या ध्यानांत लगेच येतें कीं, 'टायटॅनिक' ही आगबोट हिमनगावर आदळली तीहि १४ एप्रिलच्याच रात्रीं, १९१२ सालीं. मग या दोहोंची सांगड घालून "ही तारीखच जहाजांना वाईट," असा निर्णय देऊन मोकळे होणारेहि कांहीं कमी नाहींत.

यादी वाढवूं म्हटलें तर ती सहज वाढते. १९३५ सालीं १४ एप्रिलला अमेरिकेंतील ओक्लाहोमा व टेक्सास या संस्थानांवर धुळीचें असें कांहीं वादळ लोटलें कीं, भर दिवसा काळोख झाला. गवताळ माळ नांगरून तेथें गहूं पेरला होता. पुढें अवर्षणाचीं वर्षें आलीं आणि मोकळी झालेली माती वाऱ्याच्या स्वाधीन झाली. १९८६ सालीं याच तारखेस बांगला देशांतील गोपालगंज भागांत किलोभर वजनाच्या गारा पडून ९२ माणसें दगावलीं. २०१० सालीं चीनच्या छिंगहाय प्रांतांतील युशू येथें सकाळच्या प्रहरीं भूकंप होऊन अडीच हजारांवर लोक प्राणास मुकले.

एवढें ऐकल्यावर मन थोडें चरकतें. पण गणितास विचारलें तर तें मुळींच चरकत नाहीं. वर्षाचे दिवस अवघे ३६५ आणि नोंदलेल्या आपत्ती मात्र हजारों. कोणतेंहि पान उघडा, त्यावर चारदोन प्रलय सांपडावयाचेच. एका खोलींत तेवीस माणसें जमलीं, तर त्यांतील कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, हें शालेय गणितानेंहि सिद्ध करतां येतें. शिवाय तारीख ही वस्तु वाटते तितकी पक्की नाहीं. 'टायटॅनिक' हिमनगास घासली तेव्हां तिच्या घड्याळांत १४ तारखेचे रात्रींचे ११ वाजून ४० मिनिटें झालीं होतीं. त्याच क्षणीं मुंबईंत १५ एप्रिलची सकाळ उजाडून लोक आपापल्या उद्योगास लागले होते. आणि बोट प्रत्यक्ष बुडाली ती तिच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणेंहि १५ तारखेसच, पहांटे २ वाजून २० मिनिटांनीं.

तेव्हां तारखेचा दोष काढून टाकला पाहिजे. तरीहि 'टायटॅनिक' आणि मुंबईच्या गोदींत पेटलेली 'फोर्ट स्टायकीन' या दोन बोटींमध्यें एक साम्य उरतें, आणि तें पंचांगांतील नव्हे.

'टायटॅनिक'वर सुमारें २,२०० माणसें होतीं. जीवरक्षक होड्या २०, आणि त्यांत जागा ११७८ जणांची. यांत कायद्याचा भंग कोठेंच झाला नव्हता. ब्रिटिश व्यापारखात्याचे नियम १८९४ सालच्या सुमाराचे. त्यांत १०,००० टन व त्यावरील बोटीस १६ होड्या पुरेशा मानल्या होत्या. 'टायटॅनिक' ४६,००० टनांची. बोटी वाढत गेल्या, कोष्टक तेथेंच राहिलें. त्या दिवशीं बर्फाचे इशारे बिनतारी यंत्रावरून एकामागून एक येत होते. 'कॅलिफोर्नियन' या जवळच्या बोटीनें, आपण बर्फानें वेढलों जाऊन थांबलों आहों, असें कळविलें. पण 'टायटॅनिक'चा तारवाला उतारूंच्या खाजगी तारा पाठविण्यांत गुंतला होता, त्यानें तें बोलणें मध्येंच तोडलें. 'कॅलिफोर्नियन'वर तारवाला एकटाच. थोड्या वेळानें यंत्र बंद करून तो झोंपावयास गेला. त्यामुळें पुढील हांक तेथें ऐकण्यास कोणी जागें नव्हतें. सुमारें १५०० माणसें त्या रात्रीं गेलीं. १९१४ सालीं लंडनांत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत सर्वांना पुरतील इतक्या होड्या आणि बिनतारी यंत्रावर अखंड पहारा या दोन्ही गोष्टी आल्या.

मुंबईची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. 'फोर्ट स्टायकीन' ही ७,१४२ टनांची मालवाहू बोट २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील बर्कनहेडहून निघाली. तिच्यांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा, विमानें, आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस थोडा माल उतरला आणि मोकळ्या जागेंत कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी, तेलाचीं पिंपें, लांकूड, गंधक वगैरे भरलें गेलें. दोन नंबरच्या कोठ्यांत खालीं कापूस आणि त्याच्या डोक्यावर स्फोटकें, अशी ही रचना झाली. घरांत चुलीशेजारीं रॉकेलचा डबा ठेवणाऱ्या पोरास आई रागें भरते. येथें युद्धाची निकड म्हणून सर्वांनीं मान डोलावली. दारूगोळ्याची बोट धक्क्यापासून दूर उभी करून माल पडावांतून उतरवावा, हा शांततेच्या काळांतील नियमहि त्याच निकडीनें बाजूस ठेवला होता.

१२ एप्रिलला बोट व्हिक्टोरिया गोदींत लागली. धोक्याचा माल आहे हें दर्शविणारा तांबडा बावटा तिच्यावर चढविलेला नव्हता. दोन दिवसांनीं, शुक्रवारीं, दुपारीं दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठ्यांतून धूर येत असल्याचें आढळलें. दाबून बांधलेल्या कापसाची गांठ पेटली म्हणजे ती आंतल्या आंत धुमसत राहते. वरून ओतलेलें पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. बंबवाल्यांनीं ९०० टनांहून अधिक पाणी आंत सोडलें. धुरामुळें आगीचें मूळ दिसेना, आणि उष्णतेनें तें पाणीच उकळूं लागलें. बोट जागच्या जागीं बुडवावी कीं बाहेर समुद्रांत न्यावी, याविषयीं जमलेल्या अधिकाऱ्यांचें एकमत झालें नाहीं. आणि जो एक हुकूम निर्णायक ठरला असता तो देण्याचा अधिकार निश्चितपणें कोणाचा, हेंहि त्या धक्क्यावर स्पष्ट नव्हतें. ३ वाजून ५० मिनिटांनीं बोट सोडण्याची आज्ञा झाली. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याहून मोठा दुसरा.

सुमारें चार हजार टनांची 'जलपद्म' ही बोट उचलली जाऊन तिचा मागील भाग गोदींतील शेडच्या छपरावर जाऊन पडला. हजार मैलांवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर धक्का उमटला. पेटता कापूस मांडवी आणि मस्जिद बंदरच्या वखारींवर पावसासारखा पडला. २८ रत्तल वजनाची सोन्याची एक वीट मैलभर दूर असलेल्या एका घराचें छप्पर फोडून आंत आली. घरमालकानें ती सरकारजमा केली. मृतांचे अंदाज ८०० पासून १३०० पर्यंत दिले जातात. सुमारें ८०,००० माणसें बेघर झालीं. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. स्फोट झाला तेव्हां त्यांच्या हातांत नळ्या होत्या.

चौकशी मंडळानें पुढें जे दोष मोजले ते वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांच्या साधेपणाचें : स्फोटकांखालीं कापूस ठेवणें, बावटा न लावणें, स्फोटकें उतरविण्यास उशीर, कोठ्यांत वाफ न सोडणें, बंब बोलावण्यांत दिरंगाई. यांतील एकहि गोष्ट त्या दिवशीं नव्यानें शिकावयाची नव्हती.

सबंध शहरानें तो आवाज ऐकला, खिडक्यांच्या कांचा वेंचल्या, तीन दिवस आकाश तांबडें पाहिलें. पण युद्धकालीन निर्बंधांमुळें त्याची साग्र हकीकत वर्तमानपत्रांतून बाहेर पाठविण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळाली नाहीं. बाहेरच्या जगास ती बातमी प्रथम दिली जपान्यांच्या ताब्यांतील सैगांव रेडिओनें, दुसऱ्याच दिवशीं. गोदींतील पांच लाख टन राडारोडा काढण्यास ८,००० माणसांना सात महिने लागले. विखुरलेल्या सोन्याच्या विटा गाळ उपसतांना पुढें कित्येक वर्षें सांपडत राहिल्या.

भारतांत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ. भायखळ्याच्या अग्निशामक केंद्रांत त्यांचें स्मारक आहे. त्या दिवसापासून आठवडाभर ठिकठिकाणचे बंबवाले आग विझविण्याचीं प्रात्यक्षिकें करून दाखवितात.