विटलेल्या बेझलची किंमत

रोलेक्सचं ‘सबमरीनर ५५१३’ हे मॉडेल १९६२ पासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होतं. तारखेची खिडकीही नसलेलं हे घड्याळ पाण्याखालच्या कामासाठी होतं. आज अशी दोन घड्याळं शेजारी ठेवली, त्यातल्या एकाच्या काचेभोवतीची चकती मूळची, रंग उडून राखाडी झालेली असली आणि दुसऱ्याची दुरुस्तीत बदललेली, काळीकुळकुळीत असली, तर जाणकार संग्राहक सहसा पहिल्यालाच जास्त पैसे मोजतो.

काचेभोवती फिरणारं स्टीलचं कडं म्हणजे बेझल. त्याच्या खाचेत दाबून बसवलेली, आकड्यांची पातळ चकती म्हणजे इन्सर्ट. बुडी मारताना पाणबुड्या बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. पुढे काटा ज्या आकड्यावर दिसेल, तितकी मिनिटं पाण्यात गेली. टाकीतल्या हवेचा हिशेब यावरच चाले, म्हणून कडं धक्क्याने सरकणं जिवावर बेतू शके. १९५३ च्या ‘फिफ्टी फॅदम्स’मध्ये ब्लाँपँ कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्टेर यांनी कडं दाबल्याशिवाय फिरूच नये अशी सोय केली, ते स्वतः पाणबुडे होते. नंतर एकाच दिशेने फिरणारी बेझल रूढ झाली. ती चुकून सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. ५५१३ चं कडं मात्र दोन्हीकडे फिरतं.

इन्सर्ट ॲल्युमिनियमची. विजेच्या प्रक्रियेने धातूवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार करतात, छिद्रांत रंग मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, खाऱ्या पाण्याने हा रंग उतरतो. काळा राखाडी होतो, रोलेक्सच्याच टुडॉर या ब्रँडच्या सबमरीनरचा निळा फिकट आकाशी. त्रिकोणात ‘पर्ल’ म्हणतात तो चमकणारा ठिपका असतो. त्यातल्या किरणोत्सारी ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यामुळे १९७० सालचा ठिपका आता अंधारात जवळजवळ विझलेला असतो. पण त्याचा सायीसारखा पिवळसरपणा तबकडीवरच्या खुणांशी जुळतो. पर्ल पांढराशुभ्र आणि खुणा पिवळ्या दिसल्या, की काहीतरी बदललंय हे पारखी नजर लगेच ओळखते. (पन्नासच्या दशकातल्या काही बेकेलाइटच्या बेझलांवर रेडियमचा रंग असे. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. ते खरवडू नये.)

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची बाजूही खरी आहे. त्यांना घड्याळ पाणबंद आणि वाचता येईल असं परत द्यायचं असतं. आकडे पुसट झालेली चकती त्यांच्या दृष्टीने झिजलेला सुटा भाग. बदललेल्या चकतीवरच्या आकड्यांची जाडी आणि वळण बहुधा जुन्याहून वेगळं असतं, आणि तिथेच घड्याळाच्या अस्सलपणाचा एक पुरावा जातो.

हा पुरावा किती मोलाचा, ते सत्तरच्या दशकात ब्रिटिश सैन्याला दिलेल्या सबमरीनरवरून कळतं. नेहमीच्या सबमरीनरवर पहिल्या १५ मिनिटांच्याच बारीक रेघा असतात, या लष्करी घड्याळांवर पूर्ण ६० मिनिटांच्या. पुढे काहींवर दुरुस्तीत साधी चकती चढली. उलट, साध्या घड्याळावर बनावट ६० रेघांची चकती बसवून ते सैन्यातलं म्हणून विकण्याचे प्रकारही झाले. काही जण नवी चकती ब्लीचमध्ये बुडवून मुद्दाम विटवतात. ही सरळ फसवणूक आहे, हौस नव्हे.

माझं मत असं: घड्याळ खरोखर पाण्यात न्यायचं असेल, तर चकती जरूर बदलावी, पण बदल लपवू नये. बोटीवर नोकरी केलेल्या काकांचं असं घड्याळ घरात असेल, तर दुरुस्तीला देतानाच पावतीवर लिहून घ्यावं: बेझल, तबकडी, काटे विचारल्याशिवाय बदलू नयेत आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळावा. नकार मिळाला, तर दुसरा घड्याळजी शोधावा. चकती उचकटताना सहज वाकते, म्हणून जुन्या घड्याळांवर हात बसलेलाच माणूस हवा. निघालेली चकती छोट्या पाकिटात घालून, वर घड्याळाचा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहून, घड्याळाबरोबरच ठेवावी.