एक मुद्रा, दोन लेखक : संगणकातील ‘जतन’ या क्रियेविषयी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान होय, अशी परंपरा आहे. या नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची पदे मिसळून गेली, हे अभ्यासकांस परिचित आहे. दोघांचीही मुद्रा ‘नामा’. लेखनिक मुद्रा पाहून पदाची जागा ठरवी. ‘विष्णुदास’ हे उपपदही निर्णायक नाही, कारण नामदेवांच्या मानलेल्या अभंगांतही ते येते. पाठचिकित्सेतील या प्रश्नाचे नेमके प्रतिरूप संगणकाच्या इतिहासात आढळते.

१९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी कालविभागी संगणनपद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकच संगणक वेळेचे बारीक तुकडे पाडून अनेकांच्या टंकयंत्रांना आळीपाळीने उत्तरे देई. प्रत्येकास वाटे, यंत्र आपलेच आहे. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र कप्प्यात असत. संपादनाची आज्ञावली मजकूर दुरुस्त करताना त्याच कप्प्यात एक तात्पुरती फाईल निर्माण करी, आणि तिचे नाव कायमचे ठरलेले असे. एका कप्प्यात एका वेळी एकच मनुष्य काम करील, हे त्यात गृहीत होते. पुढे व्यवस्थापकांच्या सामाईक कप्प्यापुरती ही अट सोयीसाठी शिथिल झाली. त्या दशकाच्या मध्यास एका शुक्रवारी सायंकाळी एक व्यवस्थापक त्या दिवसाची सूचना लिहीत होता, तर दुसरा परवलीच्या शब्दांची फाईल दुरुस्त करीत होता. तात्पुरत्या फायलींचे नाव एकच. मजकुरांची अदलाबदल झाली. यंत्रापाशी येणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले! यात यंत्राचा बिघाड काहीच नव्हता. नाव एकास एक राहिले नाही, एवढेच घडले. युनिक्सच्या संपादकांनी पुढे तात्पुरत्या फाईलच्या नावास चालू प्रक्रियेचा क्रमांक जोडला. गाथेच्या लेखनिकास अशी सोय कोठून असणार?

‘जतन’ हा शब्द ‘यत्न’ या संस्कृत शब्दापासून आला; त्यात काळजीपूर्वक सांभाळण्याचा भाव आहे. युनिक्समध्ये मात्र लिहिण्याची आज्ञा पूर्ण झाली तरी मजकूर काही काळ स्मृतीतच राही. डिस्कचा शोधक हात हलण्यास लागणारा वेळ संगणकाच्या मानाने फार. म्हणून एकाच ठिकाणचे अनेक बदल साठवून एकदम लिहिणे परवडे. साधारणपणे दर ३० सेकंदांनी एक साहाय्यक आज्ञावली साठलेले सारे डिस्ककडे पाठवी. मध्येच वीज गेली, तर ‘जतन’ झालेले परिच्छेद नाहीसे होत. एखादी विशिष्ट फाईल तत्काळ डिस्कवर उतरविण्याची आज्ञा बर्कली युनिक्सच्या १९८३च्या आवृत्तीत आली.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दोघांनी एकच फाईल उघडली, तर नंतर जतन करणाऱ्याची प्रत पहिल्याचे श्रम निमूटपणे पुसून टाकी. या बाबतीत गाथेचा लेखनिक बरा. त्याने निदान दोन्ही कवींची पदे राखली. बर्कलीच्या त्याच आवृत्तीत फाईलला कुलूप घालण्याची सोय झाली खरी, परंतु ते कुलूप केवळ सूचक होते. जी आज्ञावली कुलपाची विचारपूसच करीत नसे, तिला ती फाईल खुशाल लिहिता येई.